उजेडाचे पाट आखायचं काम

बारावी सायन्स झालेल्या मुलीला कॉम्प्युटरचा कोर्स लावायचा म्हणून आपल्या गटांत कर्जाची मागणी येते. पण त्या शिक्षणातून मुलगी पुढे कुठवर जाऊ शकते, हे आपल्याला कुणी नीट सांगत नाही. म्हणून आज अशाच एका कामाची ओळख करून घेऊ. ते आहे उजेडावर चालणाऱ्या चिपचा नकाशा काढण्याचं काम.

मोबाइलवरचा व्हिडिओ लांबचा प्रवास काचेच्या केसासारख्या तंतूंतून करतो, तोही उजेडाच्या रूपात. भारतनेट योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत आणली जाणारी केबल हीच. हे तंतू बनवण्याचं काम आपल्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि शेंद्रा इथल्या कारखान्यांत होतं. केबलच्या टोकाला हा उजेड वाटायचा, वळवायचा, वेगळा करायचा असतो. ते काम आता नखाएवढ्या चिपवर करता येतं. तिला फोटॉनिक चिप म्हणतात.

या चिपवर उजेडासाठी पाट कोरलेले असतात. पाट सिलिकॉनचा आणि भोवती काचेसारखा थर. सिलिकॉनमध्ये उजेड जास्त सावकाश चालतो, म्हणून काठाला तिरका लागला की तो बाहेर न पडता आत परततो. पाटाची रुंदी साधारण ०.५ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. असे शंभर पाट खेटून ठेवले, तरी ते आपल्या एका केसाच्या जाडीत मावतील.

शेतात दारं धरणाऱ्या बाईला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पाटाला एकदम काटकोनात वळवलं तर पाणी काठ फोडतं. उजेडाचंही तसंच, म्हणून वळण गोल ठेवतात. एका पाटाचे दोन करायचे तर फाटा हळूहळू रुंदावत न्यावा लागतो. आणि दोन पाट अगदी जवळ, म्हणजे ०.२ मायक्रॉनवर आणले, तर उजेड एकातून दुसऱ्यात पाझरतो. ते किती अंतर शेजारी चालतात, त्यावर अर्धा जाईल की सगळा, हे ठरतं.

एवढं बारीक चित्र हातानं कसं काढणार? म्हणून ते पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहितात. ब्लाउजचं पेपर कटिंग आठवा. छाती, उंची, मुंढा ही मापं बदलतात, पण कापायची रीत तीच राहते. इथंही रीत एकदाच लिहितात: रुंदी इतकी, वळणाची त्रिज्या इतकी, दोन पाटांतलं अंतर इतकं. एक आकडा बदलला की सगळं चित्र नव्यानं आखलं जातं. चिपवर असे शेकडो तुकडे जोडायचे असतात, तेव्हा ही सोय फार मोलाची ठरते.

चित्र झालं की तपासणी. पाट फार अरुंद झाला का, दोन रेषा नको तिथं चिकटल्या का, हे कॉम्प्युटरच शोधतो. ही पायरी टाळता येत नाही, कारण चिप बनून यायला काही महिने लागतात आणि कोरलेलं उसवता येत नाही. खर्चही मोठा असतो. म्हणून अनेक जण आपापली चित्रं सिलिकॉनच्या एकाच चकतीवर बसवतात आणि खर्च वाटून घेतात. गटानं मिळून खताची गाडी आणावी, तसंच हे.

आता कर्जाचं बोलू. पायथन फुकट मिळतं. नकाशे पाहायचं केलेआउट आणि ते पायथनमध्ये लिहायचं जीडीएसफॅक्टरी, हीसुद्धा फुकट आहेत. एनपीटीईएलचे व्हिडिओ धडे पाहायला पैसे लागत नाहीत, फी लागते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेला. पण नुसतं पायथन आलं म्हणजे हे काम आलं असं नाही. त्याला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. बीएस्सी फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंग, आणि बहुतेक वेळा त्यापुढचंही शिक्षण. तीन महिन्यांत चिप डिझायनर करतो असं कुणी म्हणालं, तर फी भरण्याआधी विचारा: शिकवणारे कोण, आधी शिकलेल्या मुली आज कुठं आहेत, आणि प्रमाणपत्र कुणाचं?

आणखी एक लक्षात ठेवा. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. ही सवलत आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना आहे, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. तेव्हा उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला वेळेत काढून ठेवा. मग गटाचं कर्ज राहण्या-जेवणाला, प्रवासाला आणि जुन्या लॅपटॉपला पुरवता येईल.

आपल्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमाराला घरंच्या घरं ऊसतोडीला जातात आणि मुलींची शाळा तिथंच तुटते. ज्या मुलीचं गणित चांगलं आहे, तिचं नाव पुढच्या बैठकीत घ्या. लग्नाची बोलणी निघायच्या आधी तिच्या शिक्षणाचा हिशोब मांडू या.