बघितलेले गणित आणि सोडवलेले गणित

जानेवारीतल्या सराव परीक्षेचे पेपर वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी एक आई शाळेत आली. सोबत दहावीतली मुलगी, मान खाली घातलेली. बीजगणितात ४० पैकी ११ आणि भूमितीत १४ गुण. आईने पिशवीतून मुलीच्या वह्या काढून आमच्यासमोर ठेवल्या.

"आपा, बघा तुम्हीच. पोरगी रात्री बारापर्यंत बसते. एक वही भरली, दुसरी भरली. मग मार्क का येत नाहीत?"

वह्या खरोखरच नेटक्या होत्या. आखलेला समास, प्रत्येक उत्तराखाली दोन रेघा, कुठे खाडाखोड नाही. आम्ही पाने चाळत होतो तेव्हा आईने आवाज खाली आणला. "गणितात गेली तर हिचे अब्बू पुढे शिकवणार नाहीत. घरात रिश्त्याच्या गोष्टी सुरू झाल्यात."

आम्ही मुलीच्याच वहीतले एक गणित निवडले, वही मिटली आणि तिला कोरा कागद दिला. क्ष वर्ग + ८ क्ष − ४८ = ०, पूर्ण वर्ग पद्धतीने सोडव. तिने दोन ओळी लिहिल्या आणि पेन थांबला. वहीत हेच गणित तिच्या हाताने तीन वेळा लिहिलेले होते.

"बघितलं की सगळं येतं, आपा," ती हळूच म्हणाली. "कागद कोरा असला की काही सुचत नाही."

इतक्या वर्षांच्या शिकवण्यात आम्ही हे वाक्य शेकडो मुलांकडून ऐकले आहे. गणितात मागे पडणारी बहुतेक मुले आळशी नसतात आणि बुद्धीने कमीही नसतात. ती गणित बघतात, उतरवतात, पण सोडवत नाहीत. गाइड उघडे असते, शेजारी मोबाइलवर कुणीतरी उदाहरण समजावत असतो आणि हात चालत असतो. तासाभराने वाटते, सराव झाला. झालेले असते ते सुलेखन.

हिफ्जचा धडा

सराव कसा करावा हे शिकायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या मदरशात हिफ्ज करणारे मूल पाहा. ते उस्तादांसमोर बसते आणि पाठ म्हणताना समोरचे पान मिटलेले असते. अडखळले की उस्ताद तिथेच थांबवतात. रोज नवा सबक असतो, आदल्या काही दिवसांचा मागचा सबक असतो आणि जुन्या पाऱ्यांचा दौर असतो. दौर सुटला तर पाठ झालेलेही निसटते, हे त्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला माहीत असते.

गणिताला हीच शिस्त लावायची. पान मिटलेले असावे, कुणीतरी ऐकणारे असावे, चूक जिथे होईल तिथेच पकडली जावी आणि जुने पुन्हा पुन्हा यावे. फरक एवढाच की गणितात ओळी पाठ करायच्या नाहीत, वाट पाठ करायची. उद्या आकडे बदलून येतील, वाट तीच राहील.

त्या मुलीला आम्ही रोज आठ गणिते दिली. तीन नव्या प्रकरणातली, तीन गेल्या आठवड्यातली आणि दोन जुन्या कुठल्याही प्रकरणातली. तिला हे फार कमी वाटले. तिने स्वतः केलेले वेळापत्रक असे होते: पहिल्या दिवशी ५ गणिते आणि रोज एक वाढवायचे. आम्ही म्हटले, छान, ही अंकगणिती श्रेढी झाली, आता तीस दिवसांची बेरीज काढ. पहिले पद ५, सामान्य फरक १, पदे ३०. बेरीज १५ × ३९, म्हणजे ५८५. आकडा पाहून तिचा चेहरा खुलला. मग आम्ही विचारले, तिसाव्या दिवशी किती? उत्तर ३४. दिवसाला चौतीस गणिते मनापासून सोडवणारे मूल आम्ही अजून पाहिलेले नाही. रोजची आठ धरली तर पन्नास दिवसांत चारशे होतात आणि ती खरोखर होतात. थोडे पण नेमाने केलेले काम टिकते, हे आपल्या दीनानेही आपल्याला शिकवले आहे.

चुकांची वही

दुसरी गोष्ट म्हणजे एक साधी, शंभर पानी वही. तिच्यात बरोबर आलेले काहीही लिहायचे नाही. फक्त चुकलेली गणिते, चूक कुठे झाली त्याची एक ओळ आणि खाली नव्याने सोडवलेले उत्तर. चार दिवसांनी तेच गणित पुन्हा, वर न पाहता. पुन्हा चुकले तर त्यापुढे खूण करायची.

पंधरा दिवसांत या वहीत एक चित्र दिसू लागते. मुलाच्या चुका पन्नास नसतात, चार-पाचच असतात आणि त्या सगळीकडे फिरत असतात. सर्वांत जुनी चूक चिन्हाची. ३ क्ष − ७ = ८ मध्ये वजा सात पलीकडे गेले की अधिक सात व्हायला हवे, म्हणजे ३ क्ष = १५ आणि क्ष = ५. घाईत मूल ३ क्ष = १ लिहून पुढे जाते आणि मग सगळे गणितच वाहून जाते.

दुसरी चूक अर्थनियोजनात दिसते. एका वस्तूची १८ टक्के जीएसटीसह किंमत २,३६० रुपये आहे, करपात्र किंमत काढा. निम्मा वर्ग २,३६० चे १८ टक्के काढून ते वजा करतो आणि उत्तर १,९३५ रुपये २० पैसे येते. खरे उत्तर २,००० रुपये, कारण कर २,००० वर लागला होता, २,३६० वर नाही. २,३६० ला १०० ने गुणायचे आणि ११८ ने भागायचे. ज्यांच्या अब्बूंचे दुकान आहे त्यांनी एक बिल घरी मागून घ्यावे. केंद्राचे ९ टक्के आणि राज्याचे ९ टक्के वेगळे छापलेले दिसले की हे प्रकरण पुन्हा विसरत नाही.

तिसरी चूक भूमितीतली: आकृती न काढणे आणि पायरीसमोर कारण न लिहिणे. भूमितीत विधान बरोबर असले तरी ते का बरोबर, हे सांगावे लागते. तपासणारे पायरीलाही गुण देतात. म्हणून शेवटचे उत्तर आले नाही तरी सूत्र, किमती आणि जमले तेवढे लिहून ठेवावे. कोऱ्या जागेला कुणीच गुण देऊ शकत नाही.

पेपरचा हिशेब

गणिताचे दोन पेपर, प्रत्येकी ४० गुण आणि २ तास. शाळेकडचे अंतर्गत मूल्यमापनाचे २० धरून एकूण १००, उत्तीर्ण होण्यासाठी ३५. दोन तास म्हणजे १२० मिनिटे, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. दोन गुणांच्या गणितात पंधरा मिनिटे अडकलेले मूल पुढचे तीन गुण गमावत असते. म्हणून शेवटच्या महिन्यात घड्याळ लावून सोडवण्याची सवय हवी.

सध्याच्या आराखड्यात प्रत्येक पेपरमधले २० गुण एक आणि दोन गुणांच्या प्रश्नांना आहेत. निम्मा पेपर! ज्या मुलाला गणिताची भीती वाटते त्याने आधी ही निम्मी बाजू पक्की करावी. बहुपर्यायी प्रश्न, चौकटी भरायच्या कृती, सूत्रात किमती घालून येणारी छोटी उत्तरे. इथे हात बसला की भीती निम्मी होते. चार गुणांचे प्रश्न त्यानंतर.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी आणखी एक सूचना. काही मुले शिकवणीत मराठी किंवा इंग्रजी शब्दांत गणित शिकतात आणि पेपर उर्दूत सोडवतात. मुसल्लस म्हणजे त्रिकोण हे कळते, पण दो दर्जी मसावात वाचून वर्गसमीकरण लगेच डोळ्यासमोर येत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका आपल्या परीक्षेच्या भाषेतच सोडवाव्यात. दोन्ही भाषांतले शब्द शेजारी लिहून ठेवले तर अकरावीतही उपयोगी पडतात.

ज्या पद्धतीवर पेन थांबला

ज्या गणिताशी ती मुलगी अडली, त्याची पद्धत नवव्या शतकातल्या बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी यांनी पायरी-पायरीने लिहून ठेवली आहे. खलीफा मामून यांच्या काळातला त्यांचा ग्रंथ ज्या नावाने ओळखला जातो त्यातल्या 'अल्-जब्र' या शब्दावरूनच अल्जिब्रा हे नाव आले. जब्र म्हणजे वजा केलेले पद दुसऱ्या बाजूला नेऊन भरून काढणे. आमची मुले जिथे चिन्ह चुकतात, ती हीच जागा.

त्यांचे प्रसिद्ध उदाहरण असे: एका संख्येचा वर्ग आणि त्या संख्येची दहापट मिळून ३९ होतात, तर ती संख्या कोणती? दहाचे निम्मे ५, त्याचा वर्ग २५, तो ३९ मध्ये मिळवा, ६४. त्याचे वर्गमूळ ८, त्यातून ५ वजा, उत्तर ३. पडताळा घ्या: ९ आणि ३० मिळून ३९. त्यांनी हे चौरसाची आकृती काढून सिद्धही केले. आजच्या विद्यार्थ्याने दुसरे मूळ −१३ हेही लिहायचे, एवढाच फरक. त्या ग्रंथाचा मोठा भाग वसीयत आणि वारशाच्या वाटणीच्या गणितांचा आहे, कारण लोकांना रोज लागणारा हिशेब त्यांना सोपा करायचा होता. ते नियम सांगतात आणि मग एकामागून एक उदाहरणे सोडवून दाखवतात.

या नावाचा आपण अभिमान जरूर बाळगावा. पण अभिमानाला पेपरात गुण नाहीत. त्यांची खरी आठवण म्हणजे कोऱ्या कागदावर त्यांचे गणित स्वतः सोडवणे.

"मला गणित कुठं येतं?"

आम्ही त्या आईला सांगितले, रोज अर्धा तास मुलीजवळ बसा. ती हसली. "आपा, मी चौथी शिकलेली. मला गणित कुठं येतं?"

तिला गणित यायची गरज नव्हती. आम्ही तिला तीन प्रश्न दिले. काय दिलंय? काय काढायचंय? कोणत्या वाटेनं जाणार आहेस आणि का? मुलीने आईला तोंडाने समजावून सांगायचे. ज्याला कळलेले असते तो सरळ सांगतो. कळलेले नसले की जीभ अडखळते. अडखळणे ओळखायला बीजगणित लागत नाही, आईचे कान पुरतात. इशाच्या नमाजनंतर ती माउली गाइडमधल्या उत्तरावर वर्तमानपत्र झाकून बसू लागली. आठवड्याने ती आम्हाला म्हणाली, "आता मला कळतं, ही कुठं फसते ते. 'म्हणून' म्हणते आणि गप्प होते."

घरच्यांनी आणखी एक करायचे असते. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान मागे सरकत येतो आणि सध्या तो दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत येत आहे. सहेरी आणि फजरनंतरचा शांत तास अवघड गणितांना द्यावा. पेपर सकाळी ११ वाजता असतो, तेव्हा त्याच वेळेला घड्याळ लावून सराव करावा. तरावीहनंतर थकलेल्या डोळ्यांनी नवे प्रकरण उघडू नये. फक्त सूत्रे पाहावीत आणि झोपावे.

आणि एक कटू गोष्ट बोलतो, राग मानू नये. अस्रनंतर घरातला दहावीचा मुलगा पुस्तक घेऊन बसलेला असतो आणि दहावीची मुलगी भजी तळत असते. पेपर दोघांचा सारखाच आहे. महिनाभर मुलीला स्वयंपाकघरातून एक तास मोकळा मिळाला, इफ्तारला एक पदार्थ कमी झाला, तर रोजा हलका होत नाही.

मुलीच्या अब्बूंनाही आम्ही बोलावून घेतले. गणितात गेली तरी वाट बंद होत नाही, हे त्यांना सांगितले. पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते आणि दोन विषयांपर्यंत राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश घेता येतो. पंधराव्या वर्षी लग्नाचा विचार कायद्यालाही मान्य नाही, हेही सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "परीक्षा होऊ द्या, आपा."

निकाल लागला. गणितात १०० पैकी ६१. चमत्कार नव्हे. रोजची आठ गणिते, चुकांची एक वही आणि उत्तरावर झाकलेले वर्तमानपत्र, एवढेच. पेढे घेऊन आई-मुलगी शाळेत आल्या तेव्हा मुलीच्या हातात अकरावीचा अर्ज होता आणि त्यावर पालक म्हणून अब्बूंची सही होती.

यंदा तुमच्या घरात दहावीचे मूल असेल तर आज रात्री त्याच्या वहीतले एक गणित निवडा, वही मिटा आणि कोरा कागद पुढे ठेवा. पेन थांबला तर रागावू नका. कुठून सुरुवात करायची ते तुम्हाला कळलेले असेल. अल्लाह आपल्या सगळ्या मुलामुलींच्या मेहनतीला बरकत देवो. आमीन.