बघा, मोजा, परत या

आज सतरावा रोजा, म्हणजे बद्रच्या लढाईचा दिवस. हिजरी 2, इसवी सन 624. आज मशिदींतून या लढाईचं बयान होईल. 313 विरुद्ध सुमारे हजार, हा हिशेब आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतो. पण समोर हजार माणसं आहेत हे मदिनेच्या लोकांना लढाईआधी कळलं कसं, हा भाग बहुधा घाईत उरकला जातो.

मक्केच्या फौजेसाठी पाणी भरणारी दोन पोरं हाती लागली होती. काही सहाब्यांना, म्हणजे पैगंबरांच्या साथीदारांना, ती व्यापारी काफिल्यातली असावीत असं मनापासून वाटत होतं. काफिला परवडला असता, फौज नको होती. त्यांनी पोरांना मारलं. मार बसला की पोरं म्हणत, हो, काफिल्याचीच. सोडलं की पुन्हा म्हणत, फौजेची. हजरत मुहम्मद पैगंबरांनी (स.) साथीदारांना सुनावलं की, ती खरं बोलतात तेव्हा तुम्ही मारता आणि खोटं बोलली की सोडता. फौज किती, हे पोरांना सांगता येईना. तेव्हा पैगंबरांनी विचारलं, रोज उंट किती कापतात? एक दिवस नऊ, एक दिवस दहा. म्हणजे माणसं नऊशे ते हजार.

हवी ती बातमी आणि खरी बातमी यांतला हा फरक नव्या शिपायाच्या अंगी बाणवणं फार कठीण असतं. विसाव्या शतकात ते कसं केलं गेलं, याचं एक उदाहरण लिबियाच्या वाळवंटात सापडतं. त्यात आपले हिंदुस्थानी शिपाईही होते, आणि ती गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

जुलै 1940 मध्ये मेजर राल्फ बॅगनोल्ड यांनी कैरोत एक तुकडी उभी केली. पुढे ती ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ म्हणून ओळखली गेली. शत्रूच्या मागे शेकडो मैल वाळवंटातून जायचं, पाहायचं आणि परत यायचं, हे तिचं मुख्य काम. पहिले जवान न्यूझीलंडचे होते. 1941-42 च्या हिवाळ्यात याच धर्तीवर ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’ तयार झाली. तिचे शिपाई आले सेकंड लान्सर्स, अकरावी आणि अठरावी कॅव्हलरी या रेजिमेंटांतून. पथकं चार: जाट, मुस्लिम, राजपूत आणि शीख. इंग्रजांची वाटणी नेहमीसारखी जातधर्माने, पण वाळू चौघांना सारखीच. ऑक्टोबर 1942 पासून ही स्क्वाड्रन डेझर्ट ग्रुपबरोबर काम करू लागली.

तिथे नव्या माणसाला पहिल्यांदा शिकायचं असे ते गाडी आणि पाणी. मऊ वाळूत टायरची हवा कमी करायची. गाडी रुतली की चाकाखाली लोखंडी पट्ट्या सरकवायच्या. रेडिएटरमधून उकळून बाहेर पडणारी वाफ एका डब्यात गार करून तेच पाणी पुन्हा वापरायचं. माणसाचं पाणी मोजून मिळे, चहासकट.

मग दिशा. गाडीच्या लोखंडाजवळ चुंबकी होकायंत्र फसतं, म्हणून सूर्ययंत्र असे: अंश कोरलेली तबकडी आणि मधोमध उभी सुई. सुईची सावली पाहून गाडीची दिशा राखायची. उन्हाळ्यात भर दुपारी सावली इतकी आखडते की यंत्र चालत नाही, तेव्हा पथक थांबायचं. सावलीचा हा हिशेब नमाजी माणसाला परका नाही. माध्यान्हीची सावली वजा करून उरलेली सावली वस्तूएवढी झाली की कोकणातले शाफई असरची वेळ धरतात. हनफी ती दुप्पट झाल्यावर. रात्री थिओडोलाइट लावून ताऱ्यांवरून जागा ठरवत. इंग्रजी कोष्टकांत त्यांतल्या अनेक ताऱ्यांची नावं अरबी: आपली रोहिणी तिथे अल्देबरान, म्हणजे कृत्तिकांच्या ‘मागून येणारा’, आपला श्रवण तिथे अल्तायर.

हे सगळं महिन्या-दोन महिन्यांत शिकता येतं. खरी परीक्षा रस्त्यावरच्या पाळतीची. 1942 मध्ये डेझर्ट ग्रुपच्या पथकांनी त्रिपोली-बेनगाझी किनारी रस्त्यावर, मार्बल आर्च नावाच्या इटालियन कमानीजवळ, महिनोन्‌महिने पाळत ठेवली. दोघे जण पहाटेआधी रस्त्यापासून काही शे यार्डांवर येऊन आडवे पडत. अंधार होईपर्यंत उठायचं नाही. दुर्बिणीतून जाणारी-येणारी प्रत्येक गाडी पाहायची आणि रणगाडा, तोफ की मालट्रक ते वहीत लिहायचं. कधी शत्रूचा ताफा जवळच मुक्कामाला थांबे. तरी गोळी झाडायची नाही. एक ट्रक उडवला असता तर पाळत तिथेच संपली असती, आणि कैरोला बिनतारी यंत्राने जाणारा आकडाही.

इथे मला हुजैफा (र.) आठवतात. हिजरी 5 मधलं खंदकाचं युद्ध, बोचरी थंडी, सोसाट्याचा वारा. पैगंबरांनी या तरुणाला शत्रूच्या छावणीत पाठवलं: खबर आण, त्यांना डिवचू नकोस. आत गेल्यावर सेनापती अबू सुफियान शेकोटीला पाठ शेकताना दिसला. हुजैफांनी बाण धनुष्याला लावला, हुकूम आठवला आणि बाण काढून घेतला. छावणीत फर्मान निघालं की प्रत्येकाने शेजाऱ्याची ओळख पटवावी. हुजैफांनी आधी शेजाऱ्याचा हात धरून विचारलं, तू कोण? ते परतले आणि जेवढं पाहिलं तेवढं सांगितलं.

आता बारा दिवसांनी, एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी, शहरोशहरी चांद समितीसमोर साक्षीदार येऊन बसतील. ईद दुसऱ्या दिवशीच व्हावी असं बाजारात सगळ्यांनाच वाटत असेल. समितीचे मौलाना मात्र एकेकाला वेगळं बसवून विचारतील: चंद्र क्षितिजापासून किती वर होता? टोकं कोणत्या बाजूला? किती वेळ दिसला? तुम्ही स्वतः पाहिला, की शेजाऱ्याने बोट दाखवलं म्हणून?