गंडिकोटाच्या दरीत उतरण्याआधी

आम्हा तंजावरकरांना डोंगरदऱ्या भेटतात त्या सुट्टीतच. इथे कावेरीचा सपाट मुलूख, चहूकडे भाताची शेतं आणि उंच काय, तर बृहदीश्वराचं शिखर! त्यामुळे कोरड्या, खडकाळ दरीत दिवसभर चालायचा बेत ठरला की घरात पहिला प्रश्न येतो, 'आपल्याला जमेल का?' जमतं, पण तयारी घरापासूनच सुरू करावी लागते.

अशी एक जागा आंध्र प्रदेशातल्या कडप्पा जिल्ह्यात आहे, गंडिकोटा. तेलुगूत 'गंडि' म्हणजे खिंड आणि 'कोटा' म्हणजे किल्ला. पेन्ना नदीने डोंगर कापून ही दरी घडवली. काठावर लाल दगडाचा किल्ला, माधवरायाचं देऊळ आणि जामा मशीद आहे. चेन्नईहून कडप्प्यापर्यंत रेल्वे, पुढे जम्मलमडुगूमार्गे रस्ता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो.

दरी म्हणजे उलटा डोंगर

डोंगरावर दमलात तर परतीला उतार असतो. दरीत मात्र पाय ताजे असताना उतार आणि थकल्यावर चढ. म्हणून उतरायला एक तास लागला, तर चढायला दोन तास धरा. ज्यांना गुडघेदुखी, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आजी-आजोबा वर किल्ल्यात थांबले तर त्यात कमीपणा नाही. उलट 'अमुक वाजेपर्यंत मंडळी परतली नाहीत तर मदत मागवायची' हे महत्त्वाचं काम त्यांच्याकडे द्या.

सरावासाठी तिरुचिरापल्लीचा मलैकोट्टै जवळच आहे. त्याच्या ४०० हून जास्त पायऱ्या चढल्या-उतरल्या की गुडघे खरं काय ते सांगतात. दरीत घालायचे बूट आठ-पंधरा दिवस आधीपासून पायात असू द्या. नवे बूट फोड आणतात.

पाठीवरच्या पिशवीत काय?

• पाणी: चालताना तासाला साधारण अर्धा लिटर, कडक उन्हात त्याहून जास्त. सहा तासांसाठी माणशी किमान ३ लिटर.
• मीठ-साखर: घामावाटे मीठही जातं, नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसची पाकिटं घ्या. नसतील तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.
• खाणं: लिंबूभात, खारे शेंगदाणे, चिक्की, केळी.
• कपडे: पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी.
• शिवाय शिट्टी, टॉर्च, पट्ट्या आणि रोजची औषधं.

वाटाड्याला काय विचारायचं?

पैसे ठरवण्याआधी विचारा: एका वाटाड्यामागे किती माणसं? प्रथमोपचाराची पेटी आहे का? मोबाईलला रेंज कुठे मिळते? कोणाला चालवेनासं झालं तर कोण सोबत परतणार? उत्तरं नीट मिळाली नाहीत, तर दुसरा वाटाड्या बघा.

आणि पावसाची चौकशी कराच, तीही फक्त डोक्यावरच्या आभाळाची नव्हे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या अँटेलोप कॅनियनमध्ये अचानक लोंढा आला आणि ११ जण दगावले. मोठा पाऊस दूर, वरच्या भागात झाला होता. पेन्नेवर धरणंही आहेत. त्यामुळे पाणी सोडणार का, हे गावात विचारूनच खाली जा. नदीत पोहायला उतरू नका. वर कड्याच्या टोकावर सेल्फीही नको.

परत फिरायचं केव्हा?

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही उन्हाची पहिली खूण. लगेच सावलीत बसवा, कपडे ओले करा, घोट घोट पाणी द्या. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपत असेल, तर तो उष्माघात समजा. तोंडात पाणी ओतू नका, अंग थंड करत राहा आणि १०८ ला फोन करा.

निघण्याआधीच घरात एक नियम ठरवा: सगळ्यात लहान सदस्य 'बस' म्हणाला, तरी सगळे परत फिरतील, कुरकुर न करता. नदीपर्यंत पोहोचलो नाही तरी चालेल. वर सगळे एकत्र बसून डबा उघडला, की सहल पूर्ण झाली.