हवेच्या भट्टीतला बर्गर आणि कराडची काकवी

"काका, परीक्षा झाल्यावर बर्गर देणार म्हणालावता. आठवतंय न्हवं?"

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आलेल्या सहावीतल्या एका मुलाने अभ्यासिकेच्या दारातच मला अडवले. मी खरेच तसे बोलून बसलो होतो. अभ्यासिकेत मुले अठरा. दुकानातल्या एका चीजबर्गरच्या भावाला अठराने गुणले आणि माझे कारकुनी डोके जागच्या जागी गप्प बसले. तेव्हा घरीच करावयाचे ठरले. बरे, मुलांना हवा होता तो साधा बर्गर नव्हे. कुणीतरी मोबाईलवर पाहिलेला, तेलात न तळता एअर फ्रायरमध्ये केलेला, 'बार्बेक्यू' चवीचा चीजबर्गर!

यंत्र साताऱ्याच्या आक्काकडे होते. तिने ते हौसेने घेतले आणि मग त्यात बटाट्याच्या काचऱ्यांपलीकडे काही केले नाही. "नेतोस तर ने, माझा ओटा तरी मोकळा हुईल," म्हणाली. येताना कराडला मावशीकडे उतरलो. तिने काकवीची बाटली पिशवीत घातली. ती बाटली किती कामाची ठरणार आहे हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हते आणि मलाही.

आता हे यंत्र म्हणजे काय, ते आधी नीट समजून घेऊ. नावात 'फ्रायर' असले तरी त्यात काही तळले जात नाही. वरच्या बाजूला तापणारी तार, तिच्यावर पंखा आणि खाली जाळीची टोपली. पंखा तापलेली हवा वेगाने पदार्थाभोवती फिरवतो, त्यामुळे पदार्थाचा वरचा ओलावा लवकर उडतो आणि त्याला तांबूस रंग चढतो. थोडक्यात ही लहान जागेतली वाऱ्याची भट्टी आहे. फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र प्रथम मांडले आणि पुढे अनेक कंपन्यांनी ते काढले. बहुतेक यंत्रे १४०० ते १५०० वॅटची असतात. आपल्या चाळीतल्या किंवा जुन्या क्वार्टर्समधल्या भिंतीवरच्या लहान पॉइंटवर ती लावू नयेत, तो पॉइंट ६ अँपिअरचा असतो. इस्त्री-गिझरचा मोठा, १६ अँपिअरचा पॉइंट असेल तिथेच लावावे. विजेचे म्हणाल तर पंधरा मिनिटांना फार तर चार दशांश युनिट जाते. त्याची काळजी नको.

'हॅमबर्गर' या नावावरून आमच्याकडे एका आजीने शंका काढली की हे डुकराचे तर नव्हे? तसे नाही. हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आले. अमेरिकेत तो करतात गोमांसाच्या खिम्याचा. आपल्याकडे मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. २०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. माणसाने घरात काय खावे यात सरकारने डोकवावे काय, हा प्रश्न त्या निकालात आला होता आणि आमच्या वसाहतीत तो अजूनही चहाच्या कपावर निघतो. असो. १९९६ साली मॅकडोनाल्डने भारतात पहिले दुकान उघडले तेव्हा त्यांनीही गोमांस बाजूला ठेवूनच सुरुवात केली. आम्ही कोंबडीचा खिमा घेतला. मटणाचा भाव अठरा मुलांना परवडणारा नव्हता.

'बार्बेक्यू' हा शब्द मात्र मला आवडला. कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी विस्तवावर लाकडी माचण बांधून त्यावर मांस भाजत आणि वाळवत, त्या माचणाच्या त्यांच्या नावावरून तो आला असे मानतात. हे वाचताना मला आमच्या आजीने अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या चान्या आठवल्या. चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेली चानी आणि शिळी भाकरी हा आमच्या लहानपणचा बार्बेक्यूच होता. फक्त त्याचे नाव चारचौघांत घ्यायला आम्हाला शिकवले नव्हते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातले असे पदार्थ नावानिशी नोंदवले, तेव्हा कुठे ते पुस्तकाच्या पानावर आले.

पहिला प्रयोग घरीच केला. कोंबडीच्या छातीचा खिमा घेतला, मीठ-मसाला घातला, टिक्क्या करून २०० अंशावर वीस मिनिटे ठेवल्या. बाहेर आल्या त्या खडूसारख्या. आमच्या सौ. काही बोलल्या नाहीत, फक्त पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. चूक सरळ होती. अमेरिकेतल्या खिम्यात पाचवा हिस्सा चरबी असते, कोंबडीच्या छातीत ती नावापुरती. त्यात हे यंत्र वारा घालून ओलावा उडवणार. मग उरणार काय? दुसऱ्या वेळी मांडीचे मांस जास्त घातले आणि त्या टिक्क्या खरोखर रसाळ झाल्या. मी फुगलो आणि तिथेच घात झाला.

ठरलेल्या संध्याकाळी अभ्यासिकेत यंत्र मांडले. टोपलीत एका वेळी चारच टिक्क्या मावतात. म्हणजे अठरा मुलांना पाच घाणे, आणि वर पावही गरम करायचे. दोन घाण्यांनंतर मुलांचा दंगा वाढला. मी शहाणपणा करून तिसऱ्या घाण्यात सात टिक्क्या एकावर एक रचल्या. वेळ तेवढाच ठेवला. वरून सॉस लावल्यामुळे रंग सुंदर आला होता. तीन मुलांच्या हातात पाव गेले. आठवीतली एक मुलगी घास तोडून थांबली आणि म्हणाली, "काका, आतनं गिळगिळीत लागतंय."

मी पाव फोडून पाहिला. आतला खिमा कच्चा होता. सगळ्यांच्या हातातले पाव काढून घेतले. पण एका मुलाने अर्धा बर्गर खाल्ला होता. तो बर्गर आठवण करून देणारा, सहावीतला तोच मुलगा.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्याचे लेकरू, आपल्या हातचे अन्न! सकाळी सातला त्याच्या आईला फोन केला. "काय न्हाई वो, खेळतंय की दारात," ती म्हणाली. संध्याकाळी पुन्हा विचारले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेव्हा ती बाई हसून म्हणाली, "काका, आता त्येला कायतरी झालं तर तुमच्या फोनानंच हुईल." मुलाला काही झाले नाही. पण मधल्या दिवसांत मी जे वाचले ते प्रत्येक आईबापाला ठाऊक असावे.

मांसाचा अखंड तुकडा असेल तर जंतू बहुधा त्याच्या बाहेरच्या अंगावर असतात आणि भाजताना मरतात. खिमा करताना मात्र ते बाहेरचे अंगच आत कालवले जाते. म्हणून खिमा वरून कितीही लाल दिसला तरी मध्यापर्यंत शिजलाच पाहिजे. १९९३ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात एका हॉटेलसाखळीच्या नीट न शिजलेल्या बर्गरमुळे सातशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि चार मुले दगावली. ते गोमांस होते आणि जंतू ई. कोलायचा एक घातक प्रकार. कोंबडीत साल्मोनेलाची भीती असते. कोंबडीचा खिमा मध्यभागी ७४ अंश सेल्सिअसला पोचला पाहिजे, मटणाचा ७१ अंशाला. रंगावर किंवा रसावर भरवसा ठेवू नये, रंग फसवतो. टोचून पाहायचा थर्मामीटर बाजारात काही शे रुपयांना मिळतो. यंत्राला हजारो रुपये घालणाऱ्याने तो आधी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मी नंतर घेतला, ही माझी चूक.

आता हात बसलेली रीत सांगतो. अर्धा किलो खिम्यात निम्मे तरी मांडीचे मांस असावे; खाटकाला तसे सांगितले की तो देतो. शिळ्या पावाचा एक तुकडा दुधात भिजवून कुस्करावा, एक कांदा किसून पाणी पिळून घालावा, लसूण, मिरपूड, चमचाभर कांदा-लसूण मसाला आणि दोन चमचे तेल. मीठ अगदी शेवटी, कारण मीठ घालून फार मळले की टिक्की रबरासारखी होते. पाच टिक्क्या होतात. पावापेक्षा थोड्या रुंद थापाव्यात आणि मध्ये अंगठ्याने खळगा करावा. भाजताना त्या आकसतात आणि मध्ये फुगतात. यंत्र तीन मिनिटे तापवून १८० अंशावर सहा मिनिटे एक बाजू, मग उलटून पाच-सहा मिनिटे. टिक्क्या एकमेकींना चिकटू नयेत, आणि एकावर एक तर कधीच नको.

सॉसची गोष्ट वेगळी. परदेशी बाटलीत गोडपणा येतो तो मोलॅसिसने, म्हणजे उसाच्या मळीच्या खाण्याजोग्या प्रकाराने. आपल्या साखर कारखान्यांची मळी दारूच्या भट्टीला जाते, ती खायची नव्हे. पण गुऱ्हाळाची काकवी? तिला तोच काळसर, किंचित कडवट गोडवा असतो. चार चमचे काकवी, दोन चमचे चिंचेचा कोळ, अर्धी वाटी टोमॅटोचा रस्सा आटवून, चमचाभर मिरची पूड, लसूण, मीठ, आणि भिजवून वाटलेले दहा-बारा तासगावचे बेदाणे. मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळायचे. चिंच कशाला म्हणाल, तर इंग्लंडच्या प्रसिद्ध वूस्टर सॉसमध्येही चिंच असते. काकवी नसेल तर गूळ चालतो, पण तो वास येत नाही.

धुराचे काय? यंत्रात धूर नसतो, म्हणून बार्बेक्यूचा खरा वास त्यात येणारच नाही. त्यासाठी आपला धुंगार आहे. सॉसच्या पातेल्यात लहान वाटी ठेवावी, वाटीत पेटलेला कोळसा, त्यावर थेंबभर तूप, आणि पाच मिनिटे झाकण. हे ओट्यावर, खिडकी उघडी ठेवून करावे. पेटता कोळसा एअर फ्रायरमध्ये चुकूनही ठेवू नये. सॉस लावायचा तोही शेवटच्या दोन मिनिटांत, नाहीतर काकवीतली साखर करपते.

चीजची चकती चालू यंत्रात ठेवली की पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या तारेला चिकटते. आमच्याकडे चिकटली. यंत्र बंद करावे, चकती टिक्कीवर ठेवावी आणि टोपली मिनिटभर आत सरकवावी. उरलेल्या उष्णतेने ती वितळते. रक्तदाब असलेल्यांनी चीज वगळावे, त्यात मीठ भरपूर असते. न तळल्यामुळे बर्गर औषधी होतो, हाही भ्रम नको.

मग हे यंत्र घ्यावे का? घरात तीन-चार माणसे असतील, मोठा पॉइंट असेल आणि उसनवारी करावी लागणार नसेल, तर घ्यावे. गॅसजवळ उभे राहावे लागत नाही, हा बायाबापड्यांना खरा फायदा, आणि ज्या पुरुषांनी स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकले नाही त्यांना कारणही उरत नाही. वीस माणसांसाठी मात्र बिडाचा मोठा तवाच बरा. राहिलेले बर्गर आम्ही मे महिन्यात तव्यावरच केले, प्रत्येक टिक्की थर्मामीटरने टोचून. तो सहावीतला मुलगा आकडे मोठ्याने वाचत होता आणि ७४ आल्याशिवाय कुणाला पाव देत नव्हता.

उरलेला सॉस फ्रीजमध्ये ठेवला होता. दुसऱ्या दिवशी आईने तो ज्वारीच्या भाकरीला लावून खाल्ला. "चांगलं हाय," म्हणाली, "पर मिरची कुठं घातलीयास रं?"