मृगातल्या मेघाची दाटी

मार्गशीर्षाला नाव मिळालं ते मृगशीर्षावरून. या महिन्यातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात, मध्यरात्री, सुरगाण्याच्या एखाद्या पाड्याबाहेर उभं राहा. मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक ठिपका धुरकट दिसेल. तो मृगातला तेजोमेघ, सुमारे 1,350 प्रकाशवर्षं दूर. त्या वायूत आजही तारे जन्मतात. आणि तो वायू किती दाट आहे, हे माणसाला इथूनच मोजता येतं!

ते सांगतो ऑक्सिजन. तप्त ताऱ्यांच्या प्रकाशामुळे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या अणूवर एखादा मोकळा इलेक्ट्रॉन आदळला की अणूला थोडी ऊर्जा मिळते. ती तो ठरावीक तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात, म्हणजे वर्णपटातल्या रेषांमध्ये, सोडतो, पण फार सावकाश. 52 मायक्रोमीटरच्या रेषेसाठी त्याला सरासरी तीनेक तास लागतात, 88च्या रेषेसाठी दहा तासांहून जास्त! तेवढ्यात दुसरा इलेक्ट्रॉन धडकला, तर ऊर्जा तोच घेऊन जाऊ शकतो; मग प्रकाश निघतच नाही.

शांत पायवाटेवर भरभर बोलणारा आणि सावकाश बोलणारा, दोघांचंही सांगणं पुरं होतं. आठवडे बाजाराच्या रेटारेटीत सावकाश बोलणाऱ्याचं आधी तुटतं. तसंच मेघ दाट होत गेला की 88ची रेषा आधी मागे पडते. दोन्ही रेषांच्या तेजाचं गुणोत्तर काढलं की दाटी कळते. मृगातल्या मेघाच्या तेजस्वी भागात एका घनसेंटिमीटरमध्ये हजारो इलेक्ट्रॉन भरतात. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत 25 वर 18 शून्यं इतके रेणू असतात. तो झळाळता मेघ आपल्या दृष्टीने जवळपास पोकळीच!

अवरक्त प्रकाश मेघातल्या धुळीतून पार होतो, पण आपल्या हवेत अडतो. ज्या वाफेच्या पावसावर सुरगाण्याचा भात आणि नागली पिकते, तीच वाफ या रेषा गिळून टाकते. म्हणून 1970च्या दशकात त्या विमानांतून टिपल्या गेल्या. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तर एक मीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादहून बलूनने सुमारे 30 किलोमीटर उंच नेली. तिला जपानी वर्णपटमापक जोडून कार्बनची 158 मायक्रोमीटरची रेषा टिपली. ती रेषा मेघाच्या काठावरच्या वायूची खबर देते.

या थंडीत मृग डोक्यावर आला की तो धुरकट ठिपका मुलांना नक्की दाखवा. त्याची दाटी मोजता येते, हेही सांगा.