चढ इंजिनाने नव्हे, उताराने सोपा होतो

अलास्का आणि कॅनडाच्या बर्फाळ भागात स्नोमोबाइल पिकअपवर चढवून नेतात. पिकअप ‘लिफ्ट’ केलेला, म्हणजे चाकांवर आणखी उचललेला असला, तर डेक सुमारे 1.2 मीटर उंचीवर जातो. अशा वेळी खरी मदत करते ती रॅम्पची लांबी. 2.4 मीटरच्या रॅम्पवर चढ 30 अंशांचा होतो आणि 250 किलोच्या यंत्राचे निम्मे वजन त्याला मागे ओढते, 3.6 मीटरच्या रॅम्पवर ही ओढ एक तृतीयांशावर येते.

कोणी म्हणेल, शंभर अश्वशक्तीच्या इंजिनाला त्याचे काय? पण अडचण शक्तीची नाही, थांबण्याची आहे. केवळ वेगाच्या जोरावर 1.2 मीटर चढायचे तर ताशी सुमारे 17 किलोमीटर वेग लागतो. तो जरा जास्त झाला, तर पुढे चालकाची केबिनच असते. शिवाय स्नोमोबाइलचा फिरणारा पट्टा रॅम्पला मागे ढकलतो, म्हणून रॅम्प गाडीला बांधायलाच हवा. लांब रॅम्प बाळगणे गैरसोयीचे, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय सोपा: गाडीची मागची बाजू बर्फाच्या घट्ट ढिगाऱ्याला लावा. उंची निम्मी झाली, की आखूड रॅम्पही पुरतो.