छातीवरचा दाब

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने पदवीचा दाखला हाती पडण्यापूर्वीच इतरांस प्राणरक्षणाची विद्या शिकवावी, हे प्रथमदर्शनी धाडसाचे वाटते. परंतु १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर या त्रयीने छाती न उघडता, केवळ बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिचे बीज निकरबॉकर याच्याच नजरेस पडले होते, आणि तो तेव्हा विद्यार्थीच होता. तोही वैद्यकाचा नव्हे, अभियांत्रिकीचा! कुत्र्यावरील प्रयोगात विजेचा धक्का देणाऱ्या जड पट्ट्या छातीवर टेकताच रक्तदाब किंचित चढतो, एवढेच त्याने पाहिले.

आज वैद्यकाचे विद्यार्थी शाळांत व पोलीस ठाण्यांत ज्या पुतळ्यावर ही क्रिया करवून घेतात, त्याचा मूळ नमुना नॉर्वेतील खेळणी बनविणाऱ्या आस्मुंड लेर्डाल यांनी घडविला, आणि त्यास पॅरिसमधील एका अनामिक तरुणीच्या मुखवट्याचा चेहरा दिला.

शिकवणी मात्र साधी आहे. माणूस निपचित पडला, हाकेस ओ देत नाही व श्वास नीट चालत नाही, असे दिसताच १०८ क्रमांकावर इत्तिला द्यावी, आणि छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच रोवून मिनिटास १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ववत वर येऊ द्यावी, ही गोष्ट नवशिके हटकून विसरतात. दोन मिनिटांत भलाभला पहिलवानही दमतो. म्हणून दुसऱ्याने शेजारी हजर राहावे.